मदत हवी आहे : कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचे पॅडल तळाला टेकते

गुहागरी_वारा :
रविवारी कऱ्हाडहून परतताना कुंभार्ली घाटाच्या उतारावर ब्रेकचे पॅडल एकाएकी मऊ होऊन खाली गेले. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबल्यावर ते पूर्ववत झाले आणि चिपळूणपासून पुढे काहीही त्रास झाला नाही. शुक्रवारी पुन्हा घाटातून जायचे आहे, त्यामुळे ‘गॅरेजला दाखवा’ एवढेच सांगणारी उत्तरे कृपया नकोत. नेमके काय बदलावे?

जुना_चालक :
गाडी किती जुनी, उतारावर गिअर कोणता होता आणि ब्रेक ऑईल कधी बदलले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. उत्तर द्यायचे कशावरून?

गुहागरी_वारा :
सहा वर्षे जुनी पेट्रोल गाडी, चौथा गिअर. वापर कमी असल्याने सर्व्हिसिंगचे किलोमीटर अजून भरलेले नाहीत. ऑईलची पातळी वरच्या खुणेला आहे, म्हणजे तो प्रश्नच नाही.

देवगडकर :
ब्रेक पॅड (चाकाची तबकडी आवळणारे) बदला. माझ्या गाडीला आंबा घाटात हाच त्रास झाला होता, पॅड बदलल्यावर थांबला.

जुना_चालक :
देवगडकर, पॅड तापून निकामी होतात तेव्हा पॅडल कडकच राहते, फक्त गाडी थांबत नाही. इथे पॅडलच खाली गेले आणि थंड झाल्यावर वर आले, म्हणजे संशय ऑईलवर जातो. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, आणि गाडी दारात उभी असली तरी ते थांबत नाही. डॉट ४ प्रकारचे नवे ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी मुरलेल्या ऑईलसाठी ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ते उकळते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पॅडल पोकळ लागते. म्हणून ते सामान्यतः दोन वर्षांनी बदलतात, किलोमीटर भरोत वा न भरोत.

मिरकरवाडा_रोड :
त्याआधी गाडीला खालून गंजरोधक कोटिंग करून घ्या. मासळीच्या ट्रकांतून गळणारे खारे पाणी पत्रा खाते, आणि दारांच्या तळाची भोके चिखलाने बुजली तर आतूनही गंज धरतो.

गुहागरी_वारा :
कोटिंगबद्दल मी विचारलेलेच नाही. मागच्या वर्षीच्या बिलात ‘ब्रेक ऑईल’ असे लिहिलेले आहे, मग ते खराब कसे होईल?

जुना_चालक :
बिलावर किती मिलिलिटर आहे ते पाहा. शंभरच्या आसपास असेल, तर टाकीत वरून भर घातली असावी. पूर्ण बदलायला त्याच्या कित्येक पट लागते आणि चारही चाकांतून जुने ऑईल काढून नळ्यांतली एअर काढावी लागते. आपल्याकडे खाऱ्या हवेने चाकांजवळचे निपल (ऑईल व एअर काढायचे छोटे स्क्रू) गंजून बसतात आणि जोर लावला तर तुटतात, म्हणून काही मेकॅनिक त्यांना हातच लावत नाहीत. आधी गंज सुटण्याचे तेल सोडून ठेवायला सांगा, आणि काम समोर उभे राहून करून घ्या. शिवाय इंजिन सुरू ठेवून पॅडल मिनिटभर दाबून धरा. गाडी थंड असतानाही ते हळूहळू खाली सरकले, तर मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑईल नळ्यांत ढकलणारा भाग) तपासावा लागेल. तोवर घाटात जाऊ नका.

देवगडकर :
तरीही पॅड एकदा पाहून घ्या. चाके उघडलेलीच असतील.

गुहागरी_वारा :
बिलावर शंभर मिलिलिटरच आहे. पॅडल मात्र सरकले नाही. उद्या सकाळी गाडी देतो आहे. मागच्या ड्रमचे निपल तुटलेच, तर पूर्ण व्हील सिलिंडर (ऑईलच्या दाबाने चाकातला ब्रेक लावणारा भाग) बदलावा लागतो का, एवढे कुणीतरी आजच सांगावे.

जुना_चालक :
तुटलेला तुकडा निघाला नाही तर बदलावा लागतो. तो भाग आधीच मागवून ठेवायला सांगा, नाहीतर शुक्रवार हुकेल.