मदत हवी आहे: रिस्ट्रेन, रिफ्रेन, प्रिव्हेंट… सगळ्यांना 'रोखणे'च लिहू का?

टायपिंगवाली ताई

नमस्कार मंडळी. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळ माझं टायपिंगचं टेबल आहे. दोन वर्षांपासून इंग्रजी कागदांचं मराठीही करून देते, पक्षकाराला आपल्या कागदात काय लिहिलंय ते कळावं म्हणून. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी जे काय आलं ते टाइप करता करताच आलं.

गेल्या आठवड्यात फजिती झाली. घराच्या भांडणात शेजाऱ्यानं कोर्टात लिहून दिलं होतं की पुढच्या तारखेपर्यंत भिंत बांधणार नाही. इंग्रजीत शब्द होता 'रिफ्रेन'. मी लिहिलं, 'प्रतिवादीस बांधकाम करण्यास मनाई करण्यात आली आहे.' आमचे पक्षकार काकाजी खूश. मनाई हुकूम मिळाला म्हणून कागद घेऊन थेट पोलीस ठाण्यात. तिथून वकील साहेबांना फोन. संध्याकाळी साहेबांनी तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. 'मनाई'भोवती लाल गोल आणि बाजूला एकच शब्द, 'कोणी?'

मग मी माझी वही उघडली. रिस्ट्रेन, रिफ्रेन, प्रिव्हेंट, प्रोहिबिट, हिंडर, इंपीड, डिटर, कर्ब, विथहोल्ड. समोर माझं मराठी: रोखणे, थांबवणे, अडवणे, प्रतिबंध करणे. हेच चार शब्द आलटून पालटून. कोशातही तसंच. कोणता कुठे वापरायचा, कोणी सांगेल का? फक्त जड सरकारी शब्द नकोत, वाचणार काकाजी आहेत.

निवृत्त शिरस्तेदार

ताई, साहेबांनी उत्तर लाल शाईत देऊनच ठेवलं आहे. आधी 'कोणी' ते बघा.

रिस्ट्रेनमध्ये दुसरा माणूस तुम्हाला बांधतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'मागे आवळून बांधणे'. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागतात, तिथे हाच शब्द येतो, आणि आपण वर्षानुवर्षं लिहीत आलो, 'प्रतिवादीने वादीच्या कब्जेवहिवाटीस हरकत-अडथळा करू नये.' रिफ्रेनच्या मुळाशी लॅटिनमधला लगाम आहे, पण इथे तो ज्याचा त्याच्या हातात. म्हणून तुमचं वाक्य, 'प्रतिवादीने पुढील तारखेपर्यंत बांधकाम न करण्याची हमी दिली आहे.' काकाजींना ठाण्यात पाठवणारा शब्द त्यात उरत नाही.

प्रोहिबिट हा नियमाचा किंवा कायद्याचा शब्द, तिथे 'मनाई' किंवा 'बंदी' चालवा. दारूबंदी, जमावबंदी, ही 'बंदी' लोकांच्या तोंडातली आहे.

फौजदारी कागद आला तर मात्र जड शब्द टाळू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मधला रिस्ट्रेंट म्हणजे 'गैरनिरोध', कलम १२७ मधलं कन्फाइनमेंट म्हणजे 'गैरपरिरोध'. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तुम्हाला हक्काच्या वाटेनं जाऊ दिलं नाही तर पहिला. खोलीत घालून कडी लावली तर दुसरा. इथे सोपं करायला जाल तर कलमच बदलेल.

रिकामटेकडा मास्तर

शिरस्तेदार साहेबांच्या 'कोणी'ला माझा 'केव्हा' जोडा.

प्रिव्हेंट म्हणजे मुळात 'आधी येणे'. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो 'पुढे जाणे' याच अर्थानं आहे, 'रोखणे' नंतर चिकटलं. म्हणून गोष्ट घडायच्या आधी आपण तिथे पोचलो, तर प्रिव्हेंट. हिंडर आणि इंपीड चालू कामाला लागतात. काम होतं, पण रखडतं.

२३ सप्टेंबर २०२३ आठवा. आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी वस्त्यांत शिरलं. अशा वेळी नाल्यातला गाळ आधीच काढून पूर येऊ दिला नाही, तर ते प्रिव्हेंट. पूर आल्यावर कमरेएवढ्या पाण्यातून मदतीची गाडी हळूहळू पुढे सरकते, तिला पाणी हिंडर करतं. पहिल्याला 'होऊ न देणे', दुसऱ्याला 'अडथळा येणे'.

डिटर वेगळा, त्यात भीती लागते. त्याचं आणि 'टेरर'चं मूळ एकच. दाराला कुलूप होतं म्हणून चोराला शिरता आलं नाही, ते प्रिव्हेंट. कॅमेरा पाहून तो आलाच नाही, ते डिटर. आपल्याकडे 'वचक' आणि 'धाक' असताना 'परावृत्त' कशाला लिहायचं?

विथहोल्ड म्हणजे हातात आहे, द्यायला हवं, तरी देत नाही. पैसे असतील तर 'अडवून ठेवले', माहिती असेल तर 'दडवली'.

(उलट इंग्रजी करायची वेळ आली तर प्रिव्हेंटच्या पुढे 'टू' लावू नका. 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग'. माझी अर्धी नोकरी हे एक 'टू' खोडण्यात गेली.)

सावनेरचा गडी

ताई, तुमी कोशात काऊन शोधून राहिल्या? गोठ्यात जा ना.

इंपीडमध्ये लॅटिनचा पाय आहे. पाय अडकवणे. आपल्याकडं त्याले काय म्हणते? पायबंद! कर्ब म्हणजे घोड्याच्या हनुवटीखालची लगामाची साखळी. बैलाले वेसण. खर्चाले वेसण घातली, झालं कर्ब. पोळ्याले बैलाले नवी वेसण घालतो तवा कोणी कोश नाही पाहात.

आमच्या बुढ्याकडं एक ढोर होतं, लय वढाळ. सुटलं की दुसऱ्याच्या वावरात. बुढ्यानं त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं, हातभर लाकूड, चालताना पुढच्या पायाले लागे. चरे, फिरे, पण पळता येत नव्हतं. हॅम्पर म्हणजे थेच. अन् थ्वॉर्ट हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या 'आडवा'वरून आला. म्हणजे आपलं 'आडवा आला' जसंच्या तसं.

टायपिंगवाली ताई

तिघांनाही धन्यवाद. भाऊ, लोढणं वाचून टेबलावर एकटीच हसत बसले. काकाजींचा कागद शिरस्तेदार साहेबांच्या वाक्यानं दुरुस्त करून दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, 'म्हणजे त्यानंच कबूल केलं का? मग हे तर अजून बरं.'

एक राहिलंच. जुन्या विक्रीपत्रात 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' आहे. मी 'परवानगी किंवा अडथळ्याशिवाय' लिहिलं होतं. लेट म्हणजे करू देणे, बरोबर ना?

निवृत्त शिरस्तेदार

नाही हो ताई! हा 'लेट' वेगळा, जुना, बरोबर उलट्या अर्थाचा. त्याचाही अर्थ अडथळाच. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून गेली की 'लेट' म्हणतात, तिथे तो अजून जिवंत आहे. घरात पासपोर्ट असेल तर काढा. इंग्रजीत हेच शब्द छापलेत आणि हिंदीत 'बिना रोक-टोक'. विक्रीपत्रात 'विनाहरकत' लिहा. तुमच्या वाक्यानं खरेदीदाराला परवानगीशिवाय घरात घुसवलंत.

टायपिंगवाली ताई

अरे देवा. म्हणजे मागच्या महिन्यातली दोन विक्रीपत्रंही परत काढावी लागतील. त्यांचे पैसे साहेबांकडून अजून यायचेच आहेत. ते विथहोल्ड केलेत की नुसते विसरलेत, हे आज तरी विचारत नाही. रिफ्रेन करते.