‘टेस्ट स्मेल’ला मराठीत काय म्हणावं?

माडाखाली (कुडाळ): आमच्या टीमचा कोड रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं) मराठीतच चालतो. ‘टेस्ट स्मेल’ म्हणजे कोड तपासणाऱ्या टेस्टमध्येच काहीतरी खटकल्याची खूण; परवा एकाने त्यासाठी शेऱ्यात ‘चाचणी-दुर्गंध’ लिहिलं. वाचवत नाही. दुसरं काही?

दर्यावर्दी (मालवण): दुर्गंध कित्याक? ‘वास मारता’ म्हटलां की पुरे! ‘कोड स्मेल’ हा शब्द प्रोग्रामर केंट बेकचा, १९९९ साली मार्टिन फाउलरच्या पुस्तकामुळे सगळीकडे गेला. त्यात घाणीपेक्षा संशय जास्त आहे. ‘या व्यवहारात काहीतरी वास येतोय’ म्हणतो, तसा. म्हणजे टेस्ट पास होते, पण बघायला हवी. नुसतं ‘वास’ ठेवा. टेस्टचे वास वेगळे असतात, म्हणून संशोधक आरी फान ड्यूर्सेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा अकरा वासांची यादी उपायांसकट दिली.

माडाखाली: त्यातल्या ‘मिस्टरी गेस्ट’ला ‘अनाहूत पाहुणा’?

हापूसवाली (देवगड): अनाहूत कसा? बोलावलेलाच असतो, फक्त दिसत नाही. समजा, आंब्याच्या बिलाची टेस्ट म्हणते ७,२०० रुपये यावेत. पेट्या किती, दर काय, टेस्टमध्ये पत्ता नाही. सगळं बाहेरच्या फाईलमध्ये. कुणी तिथला दर बदलला की टेस्ट लाल (नापास), आणि तुम्ही बिलाच्या कोडमध्ये चूक शोधत बसता. ‘४ पेट्या, दर १,८००’ टेस्टमध्येच लिहा. फाईल वाचणंच तपासायचं असेल तर टेस्टने स्वतः फाईल बनवावी आणि काम झालं की पुसावी. मी ‘छुपा पाहुणा’ म्हणेन.

आणि ‘ईगर टेस्ट’ला ‘उत्सुक’ नको हो, ‘हावरट’ म्हणा. ऑर्डर, सवलत, बिल, एसएमएस, सगळं एकाच टेस्टमध्ये! सवलतीचा असर्ट (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते बघणारी ओळ) पडला की टेस्ट चालवणाऱ्या बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये टेस्ट तिथेच थांबते, पुढचं बिल बरोबर होतं का ते कळतच नाही. तोडून वेगळ्या करा, नावं कामावरून द्या. मात्र एकाच बिलाबद्दल तीन असर्ट असले म्हणून ती हावरट ठरत नाही.

दर्यावर्दी: ‘फ्लेकी’ला, म्हणजे कोड न बदलताही कधी पास कधी नापास होणाऱ्या टेस्टला, ‘लहरी’ रुळलाय, पण मला पटत नाही. लहर टेस्टची नसतेच. हंगामाची सवलत तपासणारी टेस्ट मशीनची आजची तारीख घेते, म्हणून मेमध्ये पास आणि जूनमध्ये नापास. तारीख बाहेरून द्या.

माडाखाली: ‘वास’, ‘हावरट’ घेतले. ‘छुपा पाहुणा’ही. ‘लहरी’ मात्र टीम सोडणार नाही.