मटार-मशरूम-हॅमचा पास्ता: हॅम चिवट आणि खारट का झालं?

तुळशीकट्टा

नमस्कार. मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. स्वयंपाक मला नवा नाही, पण गेल्या रविवारी पास्ता बिघडला आणि ते मनातून जात नाहीये.

लेक दोन वर्षं इटलीत बोलोन्याला शिकायला होती. तिच्या घरमालकीण आजी दर रविवारी तिला जेवायला बोलवायच्या. त्यांच्या हातच्या मटार, मशरूम आणि हॅमच्या पास्त्याबद्दल फोनवर इतक्यांदा ऐकलंय की त्या आजींचं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. परक्या गावात माझ्या पोरीला कोणीतरी समोर बसवून गरम वाढत होतं, याचं मला फार आहे. आता ती पुण्यात नोकरीला लागलीय, 26 जानेवारीला घरी येतेय. तो पास्ता तिला माझ्या हातचा खायला घालायचाय. म्हणून आधी करून पाहिला.

भाच्याने मुंबईहून प्रोश्युत्तोचं, म्हणजे इटालियन हॅमचं, 100 ग्रॅमचं पाकीट आणून दिलं होतं. कागदासारखे पातळ काप, वर 'क्रूदो' लिहिलेलं. काय केलं ते क्रमाने सांगते, म्हणजे कुठे चुकलं ते तुम्हाला दिसेल. कढईत बटर, त्यावर लसूण, मग हॅमचे तुकडे. आपण मटण परततो तसे पाच-सात मिनिटं चांगले परतले. मग दोन पाकिटं मशरूम आणि मीठ. त्याला खूप पाणी सुटलं, ते आटेपर्यंत थांबले. सोललेला मटार घालून दहा मिनिटं झाकण ठेवलं. शेवटी पाकिटातलं क्रीम आणि जरा आंबटपणा हवा म्हणून अर्धं लिंबू. पास्ता आधीच शिजवून, गार पाण्याखाली धुऊन, तेलाचा हात लावून ठेवला होता.

हॅम चामड्यासारखं झालं आणि इतकं खारट की ह्यांनी वेचून बाजूला काढलं. मशरूम करडी आणि रबरासारखी. मटार सुरकुतला. क्रीम फाटलं आणि ताटात पास्त्याखाली पाणी साचलं. महागाचं पाकीट एका दुपारीत वाया गेलं. दुसरं आणायला सांगितलंय, ते तरी नीट वापरायचं आहे.

आणखी एक. सासूबाई 83 वर्षांच्या आहेत, मांस-अंडं खात नाहीत. पण त्या दिवशी पंगत एकच हवी. त्यांच्यासाठी हाच पास्ता हॅम न घालता केला तर अगदी सपक लागेल का?

---

रोळी

ताई, पास्ता धुऊ नका आणि तेल लावू नका. त्याच्या अंगावर जो स्टार्च असतो त्यानेच सॉस धरून राहतो. तो धुतला की रस खाली उतरणारच. आधी सॉस तयार ठेवायचा, पास्ता पाण्यातून थेट त्या कढईत. आणि पास्ता निथळण्यापूर्वी ते पाणी दोन वाट्या काढून ठेवायचं. आम्ही भाताची पेज ठेवतो तसं समजा.

---

मोदेना_ते_म्हसरूळ

ताई, मी सहा वर्षं मोदेनाला होतो, बोलोन्याहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत. यंत्रांच्या कारखान्यात नोकरी, आणि एकटा असल्यामुळे स्वयंपाक तिथल्या शेजाऱ्यांकडूनच शिकलो. तुमचं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हॅम. क्रूदो म्हणजे कच्चं. पण ते कच्च्या मांसासारखं कच्चं नसतं. पार्माचं प्रोश्युत्तो म्हणजे डुकराची अख्खी मांडी, मीठ आणि वारा, एवढंच. मीठ लावून, धुऊन, टांगून ठेवतात. कमीत कमी 14 महिने. एवढ्या काळात पाणी उडतं, मीठ आत मुरतं, प्रथिनं हळूहळू तुटतात आणि ती गोडसर खमंग चव तयार होते. तुमच्या हातात येतो तेव्हा तो पदार्थ पूर्ण झालेला असतो. मुरलेलं लोणचं आपण कढईत घालून परतत नाही, पानात वाढतो. तसंच हे. आच लागली की उरलेलं पाणी जातं, मीठ एकवटतं आणि काप आखडतो. तुम्ही सात मिनिटं परतलंत, तिथेच ते संपलं.

म्हणून क्रूदो शेवटी. गॅस बंद करायचा, पास्ता-सॉस एकत्र झाला की हाताने फाडलेले काप वरून टाकायचे, एकदा उलथायचं आणि वाढायचं. पास्त्याची ऊब त्याला पुरते. फार तर एखादा काप वेगळ्या तव्यावर कुरकुरीत करून वर चुरा, ते चांगलं लागतं. चौघांना 80 ग्रॅम खूप झालं.

पण मला वेगळीच शंका येतेय. लेकीला विचारा, आजींच्या पास्त्यातलं हॅम गुलाबी, मऊ, चौकोनी तुकड्यांचं होतं का? तसं असेल तर ते क्रूदो नव्हतंच, 'कोत्तो' होतं, म्हणजे शिजवलेलं हॅम. क्रीम आणि मटारबरोबर तिथे घरोघरी बहुतेक तेच घालतात. 'पान्ना, प्रोश्युत्तो ए पिझेल्ली', म्हणजे क्रीम, हॅम आणि मटार. 1980 च्या दशकात इटलीत क्रीमच्या सॉसचं फार वेड होतं, त्या काळापासून हा पास्ता घराघरांत आहे. कोत्तो कमी खारट असतं, बटरमध्ये दोन मिनिटं परतलं तरी बिघडत नाही. आणि आपल्याकडे साधं शिजवलेलं हॅम मिळवणं क्रूदोपेक्षा सोपं आणि बरंच स्वस्त. सँडविचसाठी मिळतं तसं पातळ नको, जाड काप मागा.

आता मशरूम. त्यात दहातले नऊ भाग पाणी असतं. दोन पाकिटं एकदम अरुंद कढईत टाकली, वर मीठ घातलं, की ती स्वतःच्याच पाण्यात उकडतात. घरातला सगळ्यात पसरट तवा घ्या, बिडाचा असला तर उत्तम. तो कडक तापू द्या. मशरूम एका थरात मावतील एवढीच घाला, मीठ नको, पहिली दोन-तीन मिनिटं हलवूही नका. एक बाजू तांबूस झाली की उलटा. मग बटर, लसूण, शेवटी मीठ. दोन पाकिटं दोन घाण्यांत करा. तव्याला जे तपकिरी चिकटतं तीच खरी चव, ते अर्धी वाटी पास्त्याच्या पाण्याने सोडवून घ्यायचं. घरात पांढरी वाइन चालत असेल तर नाशिकची शेनिन ब्लां यासाठी छान. तिचा आंबटपणा आटून मुरतो, मग लिंबाची गरज राहत नाही. उकळत्या क्रीममध्ये लिंबू पिळलं की ते फाटतं. आपल्याकडचं पाकिटातलं क्रीम साधारण 25 टक्के फॅटचं असतं, आंबट आणि प्रखर आच दोन्ही त्याला सोसत नाही. आच मंद, क्रीम घातल्यावर एक बुडबुडा आला की पुरे. 400 ग्रॅम पास्त्याला 150 मिली खूप.

पाण्याचं प्रमाण: 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर. मीठ लिटरला 10 ग्रॅम तिथली पद्धत, पण हॅम आणि चीज खारट आहे म्हणून तुम्ही 7 धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, त्यामुळे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पाकिटावर 9 मिनिटं लिहिली असतील तर इथे पूर्ण 10 लागू शकतात. घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा. तुकडा तोडून बघा, मधोमध पांढरा ठिपका जेमतेम दिसत असताना कढईत घ्या, शेवटचा एक मिनिट तो सॉसमध्येच शिजू द्या.

मटाराचं वेगळं सांगायला नको. जानेवारीत आपल्याकडे इतका कोवळा मटार येतो की पास्त्याच्या पाण्यात शेवटची दोन मिनिटं टाकला तरी होतो. सकाळी आणलेल्या शेंगा त्याच दिवशी सोला, शेंग तोडल्यापासून साखरेचा स्टार्च व्हायला लागतो.

---

निफाडची_लेक

वाचता वाचता आजीची आठवण आली, म्हणून लिहितेय.

बोलोन्याच्या त्या भागात गार्गानेल्ली नावाचा पास्ता करतात. मैदा आणि अंडं, 100 ग्रॅमला एक अंडं, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. पातळ लाटून बोटाच्या दोन पेरांएवढे चौकोन कापायचे. मग चौकोनाचं एक टोक बारीक काडीवर गुंडाळून ती काडी फणीसारख्या दातेरी पाटीवर दाबत फिरवायची. नळी तयार होते आणि अंगावर बारीक रेघा उठतात, त्या रेघांत सॉस अडकून बसतो. त्या पाटीला ते 'पेत्तिने' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच फणी! आणि गार्गानेल्लीवर तिथे घालतात काय, तर हॅम आणि मटार.

माझी आजी चैत्रात अंगणात बसून वळवट करायची. गव्हले, नखुले आणि फणीवर दाबून फणोल्या. त्यासाठीची लाकडी फणी डब्यात वेगळी ठेवलेली असायची, डोक्याला कोणी लावायची नाही. फणोल्या वाळवून त्यांची खीर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नवी फणी आणून, उदबत्तीच्या काडीपेक्षा जरा जाड काडी घेऊन बसले, आणि हाताला ते लगेच जमलं. ताई, तुमच्याकडे कोणी वळवट केलेलं असेल तर त्यांना जवळ बसवा.

बाजारचा वाळलेला पास्ता घेणार असाल तर पाकिटावर ड्युरम गहू बघून घ्या. ड्युरम म्हणजे आपला बन्सी, तो टणक असतो म्हणून पास्ता गिच्च होत नाही. आमच्या निफाडच्या संशोधन केंद्राने 'गोदावरी' हे बन्सीचं वाण काढलंय, वडिलांनी ते लावलं होतं. त्याच्या रव्याचा शिरा मोकळा व्हायचा, तो दाणा अजून आठवतो.

---

तुळशीकट्टा

मोदेना भाऊ, लेकीला विचारलं. गुलाबी, मऊ, चौकोनी. कोत्तोच होतं! मी दोन आठवडे चुकीच्या पाकिटाच्या मागे होते. आता शिजवलेलं हॅम आणते.

निफाडची ताई, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या सिन्नरच्या. एक शब्द बोलल्या नाहीत, उठून कपाटातून स्वतःची फणी काढून आणली. फक्त त्यांच्यासाठी अंडं चालणार नाही.

---

मोदेना_ते_म्हसरूळ

अंड्याशिवायही होतो. बारीक बन्सी रवा आणि कोमट पाणी, दक्षिण इटलीत बहुतेक पास्ता तसाच करतात. रव्याच्या निम्मं पाणी, दहा मिनिटं मळणं, मग झाकून ठेवणं. लाटायला जरा ताकद लागते.

सपक लागेल का, असं विचारलं होतंत. हॅमची आणि मुरलेल्या चीजची जी चव असते तिचं मूळ ग्लुटामेट नावाचं द्रव्य. 1908 मध्ये इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने ते समुद्री शेवाळातून वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. सुकवलेल्या मशरूममध्ये ग्वानिलेट नावाचं दुसरं चवीचं द्रव्य असतं, आणि ही दोन एकत्र आली की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्हणून सासूबाईंच्या वाटणीला मूठभर सुकी मशरूम गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, ते पाणी गाळून सॉसमध्ये घाला. हॅमची उणीव भासणार नाही.

एक सावधगिरी. खरं पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने करतात, त्यांना दुसरा मार्ग मान्यच नाही. त्यामुळे सासूबाईंच्या ताटात ते नको. हिरव्या ठिपक्याचं आपल्याकडचं कडक चीज घ्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण शाकाहारी माणसाला न सांगता ते वाढलं जातं आणि मला ते बरोबर वाटत नाही.

---

तुळशीकट्टा

काल केला. जेवण उरकून, भांडी आवरून आता लिहितेय.

सकाळी नऊला सासूबाई पाटावर बसल्या, पुढे परात, हातात फणी. रव्याच्या पिठाचे चौकोन लेक कापून देत होती. पहिल्या चार-पाच नळ्या उघडल्या, मग त्यांनी कडेला पाण्याचं बोट लावायला सुरुवात केली आणि पुढची एकही उघडली नाही. कितीतरी वर्षांनी त्यांचा हात त्या फणीवर फिरताना पाहिला. दीड तासात चौघांपुरता पास्ता झाला. ताजा असल्यामुळे पाण्यात चार मिनिटांत शिजला.

मशरूम तीन घाण्यांत केली, माझा बिडाचा तवा लहान आहे. तांबूस झाली, वास सगळ्या घरात. त्यातली सासूबाईंची आधीच वेगळ्या कढईत काढली, त्यांना भिजवलेल्या मशरूमचं पाणी आणि हिरव्या ठिपक्याचं चीज. आमच्या कढईत हॅम बटरमध्ये दोन मिनिटं, मग मटार, क्रीम, आणि आच अगदी बारीक. क्रीम फाटलं नाही. ताटात पाणी साचलं नाही. लेकीने पहिला घास घेतला आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मग उठून आजींना व्हिडिओ कॉल लावला.

आजींनी ताट बघितलं, फणी बघितली, सासूबाईंना हात जोडून नमस्कार केला. दोघींची भाषा दोघींना येत नाही, लेक मध्ये बसून सांगत होती. सासूबाईंनी फणोल्यांची खीर समजावली, त्यांनी मान हलवत ऐकून घेतली. मग विचारलं, जायफळ किसून घातलं होतं का?

घातलं नव्हतं. डब्यात अख्खं जायफळ पडून आहे. पुढच्या वेळी क्रीममध्ये घालायचं की पिठात, हे मोदेना भाऊ, तुम्ही सांगा. दुसरं ते क्रूदोचं पाकीट अजून उघडलेलं नाही. रविवारी लेक जायच्या आधी गॅस बंद करून, हाताने फाडून घालणार आहे.