तुळजापूरच्या डोंगरात आवडत्या अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याच्या) धावपटू भेटल्या. सोलापुरात राहून ५० किमीची तयारी कशी करू?

पहाटवारा

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते.

मागच्या रविवारी मी आणि माझी भाची तुळजापूरला गेलो होतो. पहाटेचं दर्शन झालं आणि घाटशीळच्या बाजूने डोंगरात चालायला निघालो. पावसाने सगळं हिरवंगार, पण वाटेवरचा मुरूम सुटलेला, उताराला पाय ठरत नव्हता. एका वळणावर दम खायला बसलो तर खालून एक बाई येताना दिसल्या. पाठीला घट्ट बसलेली छोटी सॅक, खांद्यावरून पुढे आलेली पाण्याची नळी, दोन्ही हात मांड्यांवर दाबत बारीक बारीक पावलं. धावत नव्हत्या, चालत होत्या. जवळ आल्या तेव्हा ओळखलं.

नाव लिहीत नाही. त्या घरच्यांबरोबर देवीला आल्या होत्या, त्यांना न विचारता इथे टाकणं मला बरं वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण केलेल्या आहेत एवढं सांगते. चार वर्षं मी त्यांचं सगळं वाचते, बघते. मुलगा झाल्यावर वजन, पाठ, झोप सगळं बिघडलं होतं, तेव्हा त्यांची एक मुलाखत ऐकून मी पहिल्यांदा कंबर तलावाला एक फेरी मारली होती. आणि त्या समोर उभ्या, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. फोटोचंही सुचलं नाही.

त्यांनीच विचारलं, "पाणी आहे ना?" मग माझ्या ओठांकडे बघून सॅकच्या पुढच्या खिशातून एक पुडी काढली. मीठ लावून वाळवलेल्या लिंबाच्या फोडी होत्या, वरून जिरेपूड. एक मला दिली, एक भाचीला. त्या फोडीची खारट-आंबट चव अजून जिभेवर आहे.

मी कसंबसं विचारलं, "तुम्ही चालताय?" त्या म्हणाल्या, "चढाला चालायचंच. लांबच्या पल्ल्यात चढाला चालणं म्हणजे धावण्याचाच भाग." सोलापूरची आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "कोजागिरीला तुम्ही लोक इथवर चालत येता ना? कितीतरी जण अनवाणी. ते अंतर मॅरेथॉनपेक्षा जास्त आहे, माहीत आहे का?" मी दोनदा केलंय, असं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी ५० करा. कराल तेव्हा मला कळवा." आणि निघाल्या. उताराला त्यांचे पाय इतके हलके पडत होते की खडा घरंगळल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. वय ३९. शाळेत शिकवते. आठवड्यात तीन दिवस ५-६ किमी पळते, रविवारी १५-१६ किमी चालत-पळत. प्रश्न असे:

सोलापूर सपाट, चढ कुठे शोधू? पहाटे साडेचारला एकटीने जायचं तर कुत्र्यांचं काय? बूट कोणते? मागच्या वर्षी एका दुकानदाराने "पळताना सैल होतात" म्हणत घट्ट बूट गळ्यात मारले, दोन नखं काळी पडून गेली. आणि शेवटचा, मनातला: त्यांना खरंच कळवायचं का? की लोक बोलायचं म्हणून बोलतात तसं होतं ते?

बाळीवेसकर

ताई, लई नशीबवान ओ तुम्ही!

सोलापुरात चढ नाही हे अर्धंच खरं. मोठा डोंगर नाही, पण उड्डाणपूल आहेत की. पहाटे गाड्या नसतात तेव्हा एकच पूल दहा वेळा वर-खाली करा, बाजूने, दिवा लावून. पार्क स्टेडियमच्या पायऱ्या आहेत. हिप्परगा तलावाच्या बाजूला गेलात तर माती, गवत, खडी सगळं पायाखाली येतं, नुसत्या डांबरावर पळून घोट्याला सवय होत नाही. महिन्यातनं एकदा तुळजापूरचा घाट किंवा येडशीचं रामलिंग. रामलिंगला माकडं आहेत, केळी सॅकच्या आत ठेवा.

कुत्र्यांचं: रोज एकाच वाटेने, एकाच वेळी जा. आठ दिवसांत ओळखतात. अंगावर आली तर पळू नका, थांबा, पाठ फिरवू नका. मी तर वाटेतल्या दोघांना पार्ले-जी लावलंय, आता तीच मला सोडायला येतात.

उतारपायी

सातारकर आहे, डोंगरातली ५० किमीची शर्यत दोनदा पूर्ण केली आहे, एकदा अर्ध्यात सोडली आहे. सोडली त्यातूनच जास्त शिकलो, म्हणून ते आधी सांगतो.

त्या वर्षी मी फक्त चढाचा सराव केला होता. चढ छान गेला. तिसाव्या किलोमीटरनंतरच्या उतारात मांड्यांनी जबाब दिला. एकेक पायरी उलटं बसून उतरलो. झालं असं की उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि त्यातच तो सगळ्यात जास्त दुखावतो. पण याच स्नायूला आधी थोडा थोडा उतार दाखवला, तर पुढच्या वेळी तो कमी दुखतो. तेव्हा बाळीवेसकर म्हणतात त्या पुलावर चढताना चाला आणि उतरताना पळा. लहान पावलं, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे फेकायचा नाही. तुम्ही त्यांच्या उताराबद्दल लिहिलंत ना, खड्याचा आवाज आला नाही म्हणून? तेच. ते वाक्य वाचून मी दोन मिनिटं थांबलो.

किलोमीटर मोजण्यापेक्षा पायांवर किती तास राहिलात ते मोजा. शनिवारी दोन तास आणि रविवारी तीन तास, दमलेल्या पायांनी. दर चौथ्या आठवड्यात कमी करा. घाई करून आठवड्याचं अंतर एकदम वाढवू नका. नडगी आणि टाच सगळ्यात आधी तक्रार करतात.

बूट: संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय फुगलेले असतात. पळताना घालणार तेच मोजे घालून बघा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाच घट्ट, पुढचा भाग मोकळा. तुमची नखं गेली ती जागा नव्हती म्हणूनच, त्यात तुमची काही चूक नाही.

डॉ. माळरान

वैद्यकीय बाजू सांगते.

आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही. आपल्याकडे बायकांमध्ये लोह कमी असणं फार सर्रास आहे आणि "दम लागतो, वय झालं" म्हणून ते अंगावर काढलं जातं. ५० किमीच्या तयारीत हे पहिलं पाऊल, बुटांच्याही आधी.

पाणी: तहान लागेल तसं प्या. चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्या लिंबाच्या फोडीत जिभेचे चोचले नव्हते, शहाणपण होतं. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या ग्लासात नाही.

पळताना वेदनाशामक गोळी अजिबात नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे. घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

ऊन: आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सूर्य उगवायच्या आत घरी या. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, ती हळूहळू करायची गोष्ट आहे. चक्कर, अंगावर काटा, घाम थांबणं यातलं काही झालं की तिथेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता.

शेंगाचटणी

कोजागिरीची वारी मी अकरा वेळा केली. तुम्हालाही दोनदा झालीये म्हणता, म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी रूपाभवानीला हात जोडून निघायचं. त्या रात्री रस्ता गाड्यांना बंद असतो, चांदणं असतं, वाटेत लोक चहा, केळी, साबुदाणा खिचडी हातात देतात. तामलवाडी गेली की साधारण अर्धं झालं. आणि शेवटी घाट, नेमका पाय संपलेले असताना. दसऱ्यापासून पलंगावर निजलेली देवी पौर्णिमेला उठते, तिच्या भेटीला जायचंय म्हणून तो घाट चढून होतो.

तर माझं म्हणणं, यंदाची वारी हीच तुमची पहिली परीक्षा धरा. जे खाणं, जे मोजे, जी सॅक पुढच्या वर्षी वापरणार तेच घेऊन चाला. तासाला काहीतरी खा, भूक लागायची वाट बघू नका. राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, केळं, उकडलेला बटाटा मीठ लावून. धावपटूंच्या एनर्जी जेलच्या पुड्या महाग असतात आणि माझ्या पोटाला तरी चालत नाहीत. कडक भाकरी मात्र नको, सुक्या तोंडात फिरत राहते.

मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. हे कुणी सांगत नाही, आणि पहाटे तीन वाजता कळतं.

मैलाचा दगड

थोडी वेगळी बाजू मांडतो. वारीत तुम्ही चालता, मध्ये बसता, चहा पिता, वेळेची मर्यादा नसते. शर्यतीत ती असते. कॉम्रेड्समध्ये साधारण ९० किमीला १२ तास मिळतात. वेळ संपताना पंच शेवटच्या रेषेपाशी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. एका पावलाने राहिलात तरी राहिलात. १९२१ साली पहिल्यांदा झाली तेव्हा ३४ जण निघाले होते आणि १६ पोचले.

घाबरवायला लिहीत नाही. सरळ ५० वर उडी न मारता आधी घाटातली एखादी अर्धमॅरेथॉन करा, म्हणजे साताऱ्याची, मग पूर्ण मॅरेथॉन, मग ५०. दोन वर्षं लागू देत. ती बाई थोर आहे, पण तिने तुम्हाला पाच मिनिटं बघितलं.

उतारपायी

@मैलाचा दगड, अर्धमॅरेथॉनबद्दल पूर्ण सहमत. दोन वर्षांबद्दल नाही. ४२.१९५ च्या पुढचं काहीही अल्ट्राच, आणि बऱ्याच ५० किमी शर्यतींत वेळ भरपूर देतात, कारण निम्मं अंतर लोक चालतातच. दोनदा तुळजापूर गाठलेली, आठवड्याला ३०-३४ किमी करणारी व्यक्ती वर्षभरात ५० करू शकते. त्या बाईंनी पाच मिनिटंच बघितलं, पण काय विचारून बघितलं ते वाचा.

डॉ. माळरान

आणि वेळ नाही, मूल लहान आहे असं कधी वाटलं तर एक नाव लक्षात ठेवा: जास्मिन पॅरिस. २०१९ मध्ये ब्रिटनमधली ४३१ किमीची स्पाइन रेस तिने पुरुषांसकट सगळ्यांच्या पुढे जिंकली, ८३ तासांच्या थोडं वर. मुलगी १४ महिन्यांची होती, वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. २०२४ मध्ये अमेरिकेतली बार्कली शर्यत पूर्ण करणारी ती पहिली बाई. ६० तासांची मर्यादा, ती पोचली ५९ तास ५८ मिनिटं २१ सेकंदांना. नोकरी करून, पहाटे उठून सराव करणारी बाई आहे.

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. रक्त उद्याच देते. फेरिटिन हा शब्दच पहिल्यांदा ऐकला.

@मैलाचा दगड दादा, तुमचं पटलं. आधी साताऱ्याची अर्ध करते. पण पुढच्या वर्षीचे ५० मी मनातून काढणार नाही.

कळवायचं की नाही यावर कुणीच बोललं नाही.

कंबरतलाव

मी बोलते. मी कबड्डी खेळायचे, जिल्ह्यापर्यंत. खूप लोक येऊन "तुम्ही आमची प्रेरणा" म्हणायचे. छान वाटायचं, पण त्यावर काय उत्तर द्यायचं ते कधीच सुचलं नाही. एकदा एका मुलीने लिहिलं, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे डाव्या पायावर वळायला लागले, परवा दोन गडी बाद केले." ते पत्र अजून कपाटात आहे.

त्या म्हणाल्या, "कराल तेव्हा कळवा." म्हणजे करून कळवा. पण वारी झाल्यावर दोन ओळी टाकायला काय हरकत आहे? काय केलं एवढंच लिहा. मदत मागू नका, भेट मागू नका. उत्तर आलं नाही तरी तुमचे वारीचे ४५ किमी कुठे जात नाहीत.

पहाटवारा

डोळ्यांत पाणी आलं वाचून. हे लिहून ठेवलंय, वारीहून आल्यावर पाठवेन:

"नमस्कार. घाटशीळच्या वळणावर तुम्ही मला आणि माझ्या भाचीला लिंबाची फोड दिली होती. काल रात्री सोलापूरहून चालत आले. चढाला हात मांडीवर ठेवून चालले आणि उताराला लहान पावलं टाकली. दोन्ही वेळचे पाय आठवले, माझे मागच्या वर्षीचे आणि तुमचे. ५० ची तयारी सुरू केली आहे."

बाळीवेसकर

पाठवा की ओ! एक अक्षर बदलू नका.

आणि रविवारी कोण येतंय? पावणेपाचला कंबर तलाव, स्मृती उद्यानाच्या बाजूला. तिथनं पुलापर्यंत पळत, मग पूल सहा वेळा. पाणी मी आणतो.

कंबरतलाव

मी येते. डोक्यावरचा दिवा आहे माझ्याकडे, जास्तीचा पण आहे.

पहाटवारा

मी आणि भाची दोघी. लिंबं आजच मीठ लावून उन्हात ठेवली आहेत, पण रविवारपर्यंत वाळतील का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

शेंगाचटणी

नाही वाळणार. या उन्हात आठ-दहा दिवस तरी हवेत. बिया काढा, फोडी पातळ करा, वर मलमलचं फडकं बांधा आणि रात्री घरात घ्या. रविवारी माझ्याकडची बरणी आणते.