डिपर आणि आंबोलीचं धुकं

"डिपर मारला (हेडलाईटची उघडझाप केली) म्हणजे समोरचा वाट देतोय" असं काही जण म्हणतात, पण आपल्याकडे ते धरून चालू नका. इथे बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलटाच, "मी येतोय, तू थांब." अरुंद मोरीवर (छोट्या पुलावर) ज्याचा डिपर आधी, तो आधी. घाटात मात्र चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता रिवाज नाही, नियमातच आहे. उतरणाऱ्यांना तो आठवत नाही ही गोष्ट वेगळी.

डिपरचा आणखी एक अर्थ सांगतो. गेल्या पावसाळ्यात रात्री सावंतवाडीहून आंबोली घाट चढत होतो. वरून येणाऱ्या एसटीने दोनदा अपर-डिपर केलं, मग ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून तळवा खाली दाबला. हळू. मला वाटलं दरड असेल. दोन वळणं पुढे गवा उभा, रस्त्याच्या मधोमध, अंगावरून पाणी निथळतंय आणि हलायचं नाव नाही. इंजिन चालू ठेवून, लाईट खाली करून पाच-सात मिनिटं बसलो, तेव्हा साहेब दरीकडे उतरले.

आणखी एक. दाट धुक्यात हे सगळे इशारे फुकट. अपर (हाय बीम) मारला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, समोर नुसती पांढरी भिंत. तिथे लो बीम ठेवायचा आणि वळणावर बिनधास्त हॉर्न वाजवायचा.