‘हायपरनेट्रेमिया’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सासूबाईंचं सोडियम १५८ आलंय (नॉर्मल १३५ ते १४५). डॉक्टर ‘हायपरनेट्रेमिया’ म्हणाले. मी घरी ‘अंगातलं मीठ वाढलंय’ असं सांगितलं, तर मामंजींनी त्यांच्या पेजेतलं मीठच बंद केलं! नेमका शब्द कोणता? ‘क्षार वाढले’ चालेल?

प्रतिसाद : शब्दाची फोड केली तर ‘अतिसोडियमरक्तता’. नेट्रियम म्हणजे सोडियम, ‘एमिया’ म्हणजे रक्तातलं. अर्थ चोख, पण बोलताना जीभ अडखळते. ‘क्षार’ मात्र नको. आपल्या शाळेत आम्ल, आम्लारी, क्षार असं शिकवतात. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि आपला क्षार तिथे लवण. शिवाय घरगुती बोलण्यात ‘क्षार’ म्हटलं की पोटॅशियमपासून सगळंच त्यात येतं.

प्रतिसाद : मग सरळ ‘शोष’ का नको? घशाला शोष पडतो तोच.

प्रतिसाद : मी आयसीयूत काम करते. ‘शोष’ जवळचा आहे, पण जुलाबात पाण्याबरोबर सोडियमही जातं, तेव्हा शोष पडूनही सोडियम कमी असू शकतं. मामंजींना फसवलं ते ‘मीठ वाढलं’ या शब्दांनी. बहुतेकदा मीठ वाढलेलं नसतं, पाणी घटलेलं असतं. आमटी आटली की खारट लागते ना, तसं. म्हातारपणी तहान मंदावते, त्यात ताप आला की झालंच. मी नातेवाइकांना ‘रक्तातलं पाणी आटलंय’ असंच सांगते. लगेच पुढचा प्रश्न येतो, मग भरभर पाणी द्या की! साठ किलोच्या पुरुषाचं सोडियम १६० असेल तर हिशेबाने तूट साधारण ५ लिटरची निघते. पण दुखणं दोन दिवसांहून जुनं असेल तर मेंदूच्या पेशींनी त्या खारटपणाशी जुळवून घेतलेलं असतं. घाईने पाणी गेलं की त्या फुगतात, झटके येऊ शकतात. म्हणून २४ तासांत साधारण १० अंकांहून जास्त उतरवत नाही. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून साधं पाणी किंवा शिरेतून ५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन, मिठाविना), आणि दर काही तासांनी पुन्हा तपासणी.

प्रश्नकर्ती : लघवीही तपासायला घेतलीय. डायबेटिस इन्सिपिडस आहे का बघतायत. साखर तर नाही त्यांना!

प्रतिसाद : साखरेशी संबंध नाही. यात मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, भरमसाट पातळ लघवी होत राहते. मेलिटस म्हणजे मधाळ, इन्सिपिडस म्हणजे बेचव. सोडियम चढलेलं असूनही लघवी पाण्यासारखी पातळ आली तर ती शंका. जुना शब्द ‘उदकमेह’ छान बसतो. हाच घोटाळा टाळायला २०२२मध्ये इंग्रजी नावही बदललं.

प्रश्नकर्ती : मामंजींना आटलेली आमटी पटली. आता तांब्या घेऊन पलंगाशी बसलेत. ‘हळूहळू’साठी एखादा कडक शब्द आहे का?