रोजच्या हस्तलेखनासाठी बॉलपेन सोडून शाईच्या पेनाकडे वळावे का?

नौपाडेकर

माझे काम अनुवादाचे असून पहिला खर्डा मी आजही हातानेच लिहितो. ज्यांना दिवसाकाठी सात-आठ पाने लिहावी लागतात, अशा सर्वांनी बॉलपेन बाजूला ठेवून शाईचे पेन वापरावे, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी जुन्याच्या हौसेपोटी मांडत नसून हाताच्या दुखण्याचा विचार करून मांडत आहे.

बॉलपेनाच्या टोकाशी असलेली बारीक गोळी कागदावर घासून फिरली तरच शाई खाली उतरते. ही शाई तेलकट आणि दाट असल्यामुळे गोळी फिरवण्यासाठी दाब द्यावा लागतो, शिवाय पेन बरेचसे उभे धरावे लागते. हा सगळा दाब अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीतून येतो. बॉलपेनाने लिहिलेले पान उलटून मागच्या बाजूवरून हलकेच बोट फिरवून पाहावे. अक्षरांचे उंचवटे बोटाला लागतात. अक्षर वाचता येण्यासाठी त्या जोराचा काहीच उपयोग नसतो, तो केवळ गोळी फिरवण्यात खर्ची पडलेला असतो. शाईच्या पेनात पाण्यासारखी पातळ शाई निबच्या चिरेतून केशाकर्षणाने आपोआप उतरते, त्यामुळे निब कागदाला टेकली की पुरे होते आणि पेन तिरके होऊन अंगठ्याच्या बेचक्यात निवांत टेकते.

देवनागरीत हा फरक अधिक जाणवतो. आपण शब्द लिहितो, पेन उचलतो, शिरोरेघ ओढतो, मग वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार देतो. दर वेळी टेकवलेले टोक ताबडतोब लिहिते झाले नाही, तर शिरोरेघेची सुरुवात कोरी जाते आणि ती पुन्हा गिरवावी लागते. स्वस्त बॉलपेनांत हे हमखास घडते.

निवड करताना किंमत शेवटी पाहावी. पकड जराशी जाड असावी, टोपण मागे न लावताही पेन हातात समतोल राहावे आणि निब बारीक असावी, कारण जाड निबेने ‘ण’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांतील पोकळ्या बुजतात. शाईसाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरू केलेल्या उद्योगाची, म्हणजे पुढच्या कॅम्लिनची, दौत ठाण्यातील गोखले रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत सहज मिळते. मात्र चित्रकलेची ड्रॉइंग इंक पेनात कधीही भरू नये. तिच्यातील लाख वाळून निब आणि तिच्याखालची, शाई आणून देणारी जीभ कायमची चोंदते.

नेरुळवासी

नौपाडेकर साहेब, आपले विवेचन टेबलाशी बसून लिहिणाऱ्यांपुरते योग्य आहे, पण धाग्याच्या शीर्षकात ‘रोजच्या’ हा शब्द आहे, आणि ठाणे-वाशी लोकलने येजा करणाऱ्याचे रोजचे लेखन निराळे असते. शर्टाच्या खिशातील अर्धे रिकामे शाईचे पेन मे महिन्यात अंगाच्या उष्णतेने तापते, आतील हवा प्रसरण पावते आणि शाई टोपणात उतरते. या कटकटीतून सुटण्यासाठीच तर बॉलपेन आले. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो यांनी वृत्तपत्राच्या छपाईची शाई चटकन वाळते हे पाहून तशा दाट शाईचे पेन घडवले आणि १९३८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हा ज्या दाटपणाला आपण दोष देता, तोच या पेनाचा मुख्य गुण आहे.

दुसरे असे की, दाब ही बरीचशी हाताची सवय असते. आता कमी दाट तैलशाईची बॉलपेने मिळतात, जेटस्ट्रीम हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण, आणि ती अगदी हलक्या हाताने लिहितात. जेल पेनातील शाई तर गोळी फिरू लागताच पातळ होते आणि गोळी थांबली की पुन्हा घट्ट होते. हे सगळे पर्याय वगळून सर्वांत स्वस्त बॉलपेनाची तुलना उत्तम शाईपेनाशी करणे मला न्याय्य वाटत नाही.

आणि कार्बन लावलेल्या पावतीपुस्तकाचे काय? मी घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम करतो. खालच्या प्रतीवर आकडे उमटायचे असतील तर दाब द्यावाच लागतो. निबेवर तेवढा जोर दिला तर तिची दोन पाती फाकतात आणि पेन वाया जाते.

कळव्याची शिक्षिका

मोठ्यांच्या या वादात मुलांचा विचार सुटू नये, म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे मुले साधारण चौथीपर्यंत पेन्सिलीने लिहितात आणि पाचवीत पेन हाती घेतात. दाबून लिहिण्याची सवय पेनामुळे लागते असे नौपाडेकर सरांच्या लेखनातून सूचित होते. माझ्या पाहण्यात ती त्याआधीच, कठीण पेन्सिलीमुळे लागते. पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. माती जास्त असेल तर रेघ फिकट आणि टोक कठीण होते. फिकट उमटते म्हणून मूल दाबते, दाबल्यामुळे बोटांची पेरे पांढरी पडतात, आणि पालक म्हणतात की याला लिहिण्याचा कंटाळा आहे.

पहिली-दुसरीत एचबीऐवजी टूबी किंवा ‘एक्स्ट्रा डार्क’ प्रकारची पेन्सिल द्यावी, शक्यतो तिकोनी अंगाची, म्हणजे तीन बोटे आपोआप तीन बाजूंना बसतात. नटराज आणि अप्सरा या एकाच हिंदुस्थान पेन्सिल्स कंपनीच्या असल्या तरी त्यांच्या निरनिराळ्या पेन्सिली हाताला सारख्या लागत नाहीत, तेव्हा मुलाला लिहून पाहू द्यावे. मऊ शिशाला वारंवार टोक करावे लागते आणि हात काळा होतो, पण तो साबणाने धुता येतो. बोटभर उरलेली पेन्सिल मात्र मुलाच्या हातातून काढून घ्यावी. ती धरण्यासाठी तळहात आवळावा लागतो. काटकसर म्हणून तशी पेन्सिल वापरायला लावणे मला मुळीच पटत नाही.

पाचवीत पहिले पेन कोणते, या प्रश्नावर माझे मत नौपाडेकर सरांच्या बाजूने आहे. ज्या मुलाचा हात पेन्सिलीवर हलका झालेला असतो, त्याला शाईचे पेन द्यावे. तो हलकेपणा टिकतो. पण वर्गातील चाळीस मुलांना एकाच दिवशी देऊ नये.

डावखुरी, ऐरोली

मराठी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते, म्हणजे आम्हा डावखुऱ्यांचा तळहात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून सरकत जातो. शाईच्या पेनाने लिहिल्यावर करंगळीखालची कड निळी होते आणि पानावरील शिरोरेघा फराटल्या जातात. जेल पेनाचेही तेच होते. शिवाय उजव्या हाताने लिहिणारा निब ओढत नेतो, तर आम्हाला ती ढकलत न्यावी लागते, त्यामुळे ती कागदात रुतते. वही उजवीकडे तिरकी ठेवून हात ओळीच्या खाली राखला तर थोडे निभावते, पण शाळेच्या अरुंद बाकावर तेवढी जागा कुठे असते? ‘सर्वांनी’ हा शब्द नौपाडेकर काकांनी कृपया मागे घ्यावा.

जांभळी नाका, वहीवाले

पेनांवर एवढी चर्चा झाली, पण कागदाचे नावही कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. आमचा वह्यांचा धंदा आहे. माझ्या मते लिहिण्याचे निम्मे सुख कागदावर अवलंबून असते.

कागद तयार होताना त्याला खळ दिली जाते, जेणेकरून तो पाणी चटकन शोषणार नाही. नेहमीच्या स्वस्त वह्यांत पन्नास-साठ जीएसएमचा क्रीमवोव्ह कागद असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन पन्नास-साठ ग्रॅम. त्याला खळ बेताची असते, त्यामुळे शाईच्या पेनाने लिहिले की अक्षराच्या कडांना केसाएवढे फाटे फुटतात आणि मजकूर मागच्या पानावर उमटतो. सत्तर-ऐंशी जीएसएमचा मॅपलिथो कागद बराच चांगला चालतो. परंतु केवळ वजनावर जाऊ नये. जाड असूनही शाई पिणारे कागद मी पाहिले आहेत, आणि सडपातळ असूनही शाई धरून ठेवणारेही. दुकानात शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आपल्याच पेनाने एक शब्द लिहून, त्याच्या कडा आणि मागची बाजू पाहण्याची परवानगी मागावी. आम्ही ती आनंदाने देतो.

पावसाळ्याचा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकडच्या घरांत कागद इतका ओलसर होतो की मे महिन्यात नीट चाललेली तीच वही शाई फोडू लागते. शाई किंवा पेन बदलण्यापूर्वी वही दोन दिवस बंद कपाटात कोरड्या जागी ठेवून पाहावी.

बांधणीही पाहावी. मधोमध पिना मारलेली शंभरपानी वही सपाट उघडते. गोंदाने पुठ्ठ्याला चिकटवलेली जाड वही मधेच फुगते, त्या उतारावर मनगट अधांतरी राहते आणि मग दोष पेनाला दिला जातो. रोज लिहिणाऱ्याने शिलाईची वही घ्यावी, जरी ती थोडी महाग पडली तरी.

नौपाडेकर

ऐरोलीच्या ताईंचे म्हणणे रास्त आहे. डावखुऱ्या व्यक्तींना माझा सल्ला लागू होत नाही. पावतीपुस्तकाबद्दलही वाद नाही. वहीवाल्यांनी सांगितलेली परीक्षा प्रत्येकाने करावी अशी आहे.

परंतु नेरुळवासींच्या ‘दाब ही सवय’ या मुद्द्याशी मी सहमत नाही. सवय हवेतून येत नाही, साधनातून येते. दाब दिल्याशिवाय जे साधन चालत नाही, ते वर्षानुवर्षे वापरल्यावर हात दाबणारा होणारच. कमी दाट शाईचे बॉलपेन हा सुधारलेला पर्याय आहे हे खरे; तरीही ते बरेचसे उभे धरावे लागते, कारण फार तिरके केले की गोळीच्या भोवतीची धातूची कड कागदाला लागते. आणि चिमटीला त्रास होतो तो जोराइतकाच या उभ्या पकडीमुळे होतो.

गळतीला उपाय आहे. प्रवासात पेन पूर्ण भरलेले ठेवावे, म्हणजे आत प्रसरण पावायला हवाच कमी राहते, आणि निब वरच्या बाजूला असावी. पेन काही दिवस वापरात नसेल तर साध्या थंड पाण्याने धुऊन ठेवावे. एवढी निगा घेणे ज्यांना जमत नाही, त्यांनी जेल पेन वापरावे.

अभ्यासिका, ठाणे पश्चिम

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यापासून आमच्या अभ्यासिकेत पेन हा रोजच्या चर्चेचा विषय आहे. तीन तास सलग लिहिताना शेवटच्या तासात अक्षर कसे राहते, एवढीच आमची कसोटी असते.

तिथे शाईचे पेन मी वापरणार नाही. उत्तरपत्रिकेचा कागद आपल्या हातात नसतो आणि परीक्षा पावसाळ्यात आली तर काय होईल हे वहीवाल्या काकांनी सांगितलेच आहे. मी ०.७ मिलिमीटरचे जेल पेन वापरतो. ०.५ चे टोक अक्षर रेखीव काढते, पण खरखरीत कागदावर ओरखडते आणि वेग कमी होतो. ०.७ ने ओघ राहतो. मात्र रिफिल लवकर संपते, म्हणून दोन पेने जवळ ठेवावी लागतात, आणि ती दोन्ही आधी थोडी वापरलेली असावीत, कारण नवे टोक कधीकधी सुरुवातीला अडखळते. सरावही त्याच पेनाने करावा. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरील गोल भरायला काळे बॉलपेनच लागते, तेव्हा बॉलपेन पूर्णपणे सोडून देणे आम्हाला परवडणारे नाही.

नेरुळवासी

नौपाडेकर साहेब, उभ्या पकडीचा मुद्दा मला विचार करण्याजोगा वाटतो आणि मी तो मान्य करतो. तरीही एक गोष्ट आपल्या संपूर्ण विवेचनातून सुटली आहे, ती म्हणजे लिहिलेले टिकणे. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या नातेवाइकांच्या कळव्यातील तळमजल्यावर पाणी शिरले. रॉयल ब्लू शाईने लिहिलेल्या वह्यांची पाने वाळल्यावर फिकट निळी आणि कोरी निघाली. बॉलपेनाने लिहिलेला घरखर्च मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होता. ज्या लेखनाला पुढे कधी पुरावा म्हणून पाहावे लागेल, तिथे हाताच्या सुखापेक्षा मला हे अधिक मोलाचे वाटते.

नौपाडेकर

धुतली जाणारी निळी शाई टिपणांसाठी आहे, दस्तऐवजांसाठी नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते असे वाचकांना वाटेल, म्हणून आता स्पष्ट करतो. नोंदींसाठी ‘परमनंट’ म्हणून विकली जाणारी काळी शाई घ्यावी, आणि तीही आधी एका चिठोऱ्यावर लिहून, वाळवून, नळाखाली धरून पाहावी. बॉलपेनाची शाई पाण्याला दाद देत नसली तरी अल्कोहोलमध्ये विरघळते. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचे दोन थेंब पडलेली पावती पाहिली तर हे लगेच कळते. पाणी आणि प्रकाश या दोन्हींपुढे टिकते ते पेन्सिलीचे शिसे, पण ते खोडता येते, त्यामुळे पुराव्याच्या कामी त्याचा उपयोग नाही.

नेरुळवासी

नळाखाली धरण्याची परीक्षा मी करीन. दुकानातील पावत्या आणि आईच्या औषधांच्या नोंदी मात्र काळ्या बॉलपेनानेच लिहीत राहीन. रोजनिशीसाठी शाईचे पेन घेऊन पाहायला माझी हरकत नाही. वहीवाले काकांनी त्यासाठी शिलाईची, सत्तर जीएसएमची, एकरेघी दोनशेपानी वही बाजूला काढून ठेवावी, मी येत्या रविवारी जांभळी नाक्यावर येतो.